बुवा, डुलाबाई आणि एक बादली माती

सोमवार, ३ तारीख

प्राणिघरातल्या मॅडमनी दोन वह्या दिल्या. एक तक्त्याची आणि दुसरी "पहिली खराब केलीस तर". म्हणजे पहिल्याच दिवशी बाईंनी मला ओळखलं. दुसरी वही ही. हिच्यात मी माझं लिहिणार.

आतापर्यंतचा हिशेब: बेकरी सात आठवडे, टायरचं दुकान तीन, होडीवर तिकिटं फाडणं एक अख्खा उन्हाळा (तो बरा होता). आता प्राणिघर. इथल्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, म्हणून त्यांच्या जागी महिनाभर मी. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "महिनाभर? तुझ्यासाठी म्हणजे जन्मठेपच की रे."

प्राणिघराच्या मागच्या बाजूला दोन उबदार खोल्या आहेत. एकीत सरडे. पाटीवर 'शॅमेलिऑन' असं लिहिलंय, पण म्हणतात सगळे सरडाच. होते सहा, आता एकच उरलीय, मादी. तिचा नर गेल्या महिन्यात गेला. दुसरीत गाणारी पाखरं: एक मोठा नर, एक मादी, दोन पिल्लं. दोन्ही जाती एकाच बेटावरच्या. तिथलं रान तुटलं, वर उंदीर आले, आता तिथं दोन्ही जवळपास नाहीतच.

गोची अशी की पाखरांच्या खोलीचं छत उतरवणार आहेत. पुढे उबदार खोली एकच. ती कुणाला द्यायची हे समिती महिनाअखेरीस ठरवणार. जे राहतील ते काकांकडे. जे जातील ते दोन दिवस गाडीतून दुसऱ्या प्राणिघरात. मागं चार सरडे पाठवले होते, एकही जिवंत पोचला नाही. पाखरं पोचतात, पण म्हणे प्रवासानंतर कधीकधी गाणंच टाकतात.

मॅडम दोघांची तुलना करून अहवाल लिहिणार: कोण इथं रुळलंय, कोण नाही. त्यासाठी तक्ता. रोज सकाळी आणि दुपारी प्रत्येक पिंजऱ्यासमोर पंधरा मिनिटं बसायचं आणि भरायचं: काय खाल्लं, हालचाल, आवाज, रंग. दोघांना रकाने सारखेच.

"सरड्याला आवाजाचा रकाना कशाला?" मी विचारलं.

"तुलनेला," मॅडम म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "मूर्खपणाच आहे. पण समितीला सारखे रकाने आवडतात."

मंगळवार, ४

काका दवाखान्यात भरती व्हायच्या आधी येऊन गेले. बुटके, कानात केस, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्यांनी हाताने लिहिलेली जाड वही दिली. "सगळं यात आहे. वाच."

मी म्हटलं, वाचतो.

"नुसतं वाचतो म्हणू नकोस, वाच."

जाता जाता सरडीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पाखराला शिकायला बाप लागतो. हिच्या पोरांना कुणीच लागत नाही. आई माती लोटून निघून जाते, पोरं महिन्यांनी आपापली बाहेर पडतात, पहिल्याच दिवशी शिकार करतात. आईची गाठ म्हणून पडत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखीच."

"तुला पहिल्या दिवशी शिकार जमली होती का?" काका म्हणाले. म्हातारा दिसतो तसा नाही.

शुक्रवार, ७

मोठ्या पाखराचं नाव मी बुवा ठेवलं. गायच्या आधी मान हलवतो, घसा साफ करतो, छाती फुगवतो. आणि समोर कुणी नसेल तर गातच नाही!

काकांच्या वहीत बुवाच्या गाण्याची पाच पानं आहेत. अक्षरांत लिहिलंय: टिर्र टिर्र, च्यूऽऽ, इथं दम, मग वरचा पलटा. मी ती पानं पाठ केली. शिट्टी मला चांगली येते. पहिल्या दिवशी बुवांनी तुच्छ नजरेनं पाहिलं, आज उत्तर दिलं. मी खूश होऊन घरची शिट्टीही वाजवली, दोन आखूड एक लांब. ताई मला जेवायला बोलवायला ती वाजवायची. मी कुठं उंडारत असलो तरी ऐकू यायची. पिल्लं दांडीवर एकदम गप्प होऊन ऐकत होती.

सरडीच्या पानांवर आकडे आहेत. आर्द्रता, तापमान, मातीची ओल. उद्या वाचतो.

सरडीचं नाव डुलाबाई. एक पाय उचलते, मागंपुढं डुलते, विचार करते, मग ठेवते. एवढ्यात मी बेकरीतून पळून जाऊन टायरच्या दुकानात लागलो असतो.

रविवार, ९

खरं लिहायचं तर डुलाबाईसमोर पंधरा मिनिटं बसणं म्हणजे शिक्षा आहे. आधी ती सापडतच नाही. पानापानात पाहायचं. सापडली की बसायचं, आणि ती काहीही करत नाही. एक डोळा माझ्यावर, एक छताकडे. मी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं. कालपासून मी दारातूनच 'हालचाल नाही, आवाज नाही' लिहून बुवाकडे जातो. खोटं थोडंच आहे? नाहीच करत ती हालचाल.

बुधवार, १२

आज एक चांगलं काम केलं. डुलाबाईच्या पिंजऱ्यात कोपऱ्यात एक बादली होती, वरपर्यंत ओल्या मातीनं भरलेली. झाड नाही, काही नाही. काका कुंडी करायला ठेवून विसरले असणार. इकडे बुवा पाण्याच्या भांड्याशेजारच्या धुळीत पंख घासत होता. पाखरांना धुळीत लोळायला आवडतं, हे मला गावच्या चिमण्यांवरून माहीत आहे. मी बादली उचलली, माती उन्हात पसरून दिवसभर खडखडीत वाळवली, चाळली आणि ट्रेमध्ये घालून बुवाला दिली.

काय लोळला! आधी बुवा, मग त्याची बायको, मग दोन्ही पोरं. सगळी खोली धुळीनं भरली. मॅडमनी फोटो काढला. म्हणाल्या, "अरे, तू तर कामाचा निघालास." मला असं कुणी फारसं म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात होतं.

रविवार, १६

डुलाबाई नटली आहे. एरवी पालापाचोळ्यासारखी हिरवी असते, आज जवळजवळ काळी, आणि अंगभर पिवळे-नारिंगी ठिपके, जणू लग्नाला निघालीय. रंगाच्या रकान्यात 'छान' लिहिलं, मग खोडून 'गडद' लिहिलं.

रातकिडे टाकले तर बघितलंही नाही.

एक कबुली. सोमवार ते शनिवार असा येत्या आठवड्याचा तिचा तक्ता मी आजच भरून टाकला. 'हालचाल नाही.' सगळीकडे तेच तर लिहायचं आहे. वेळ वाचला तो बुवाकडे गेला. त्याचं मात्र एकेक मिनिट खरं आहे, तिथं मी कधी चोरी केली नाही.

मंगळवार, १८

गंमतच. सकाळी गेलो तर डुलाबाई फांदीवर नाही. जमिनीवर! ही बाई जन्मात खाली उतरत नाही, आज कोपऱ्यात, जिथं ती बादली असायची तिथं फरशीवर पुढचे पाय घासत होती. खरक, खरक. बाहेर पडायची वाट शोधत असणार. मला बरं वाटलं. म्हटलं, इथं माझ्यासारखं कुणीतरी आहे.

पण फरशी गार. पाय सोलवटतील म्हणून मी अलगद उचलून तिला वर, दिव्याजवळच्या फांदीवर ठेवलं. तोंड वासून फुसकारली माझ्यावर. म्हटलं, असू दे, भल्याची दुनिया नाही.

तक्त्यात आजच्या तारखेला 'हालचाल नाही' आधीच लिहिलेलं, तेही शाईनं. खाडाखोड दिसली तर मॅडम विचारतील. राहू दिलं.

बुधवार, १९

पुन्हा खाली. पुन्हा वर ठेवली. दुपारी पुन्हा खाली. मी तीनदा ठेवली. हट्टी आहे, पण मीही कमी नाही.

मॅडम तक्ता बघून गेल्या; आजच्या पुढच्या ओळी मी हाताखाली झाकून धरल्या होत्या. "खात नाही, हलत नाही. आठवडाभर. थंडावलीय ती." मग हळूच, "खोली पाखरांनाच द्यावी असं लिहावं लागणार बहुतेक."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. हलते हो, सकाळपासून खाली-वर चाललंय तिचं, असं सांगणार होतो. पण मग तक्ता? आणि बुवा राहणार म्हटल्यावर आतून एक उकळी फुटली. मी तोंड मिटलं.

धाकट्या पिल्लानं आज माझी शिट्टी वाजवली. दोन आखूड, एक लांब! अगदी ताई! मी वेड्यासारखा नाचलो.

शुक्रवार, २१

डुलाबाई आज दिवसभर वरच होती. शहाणी झाली एकदाची. डोळे मिटून बसलीय.

 

शनिवार, २२



सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडलेली. डोळे खोल गेलेले. मी हात लावला तर फुसकारलीसुद्धा नाही. धावत जाऊन प्राणिघराच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी तिला तळहातावर घेतलं, बोटानं पोट चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अंडी आहेत. किती दिवस झाले खाली उतरून?"

मी म्हटलं, "तक्त्यात..."

"तक्ता नको. तुला विचारतेय."

"मंगळवारपासून."

"आणि मातीची बादली कुठाय?"

 पलीकडच्या खोलीत बुवा धुळीत पंख झटकत होता, ते दोघांनाही ऐकू येत होतं.

पोट उघडायला लागलं. मला बाहेर बसवलं. त्या बाकावर बसून मी काकांची वही उघडली. सरडीची पानं. आकडे होते, पण आकड्यांच्या खाली, लाल पेन्सिलीनं, खाली रेघ मारून: 'महिन्याच्या मध्याला अंडी घालायला उतरेल. काळी पडेल, ठिपके येतील, खाणार नाही. मातीला हात लावू नये, ओल ठेवावी. ती उतरली की तिला हात लावायचा नाही. पडदा ओढून बाहेर जायचं. कुणी बघतंय कळलं तर ती घालत नाही, आणि घातली नाहीत तर मरते.'

पान सोळावं. मी पाच पानं पाठ केली होती, ती अठ्ठावीसपासून बत्तीसपर्यंतची.

ती टेबलावरच गेली. तेवीस अंडी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या चौदा बरी दिसतायत, बाकीची पिवळी पडलीत. ती चौदा ओलसर भुशाच्या डब्यात ठेवलीत. हातमोजे काढताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "जेवलास का?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, २३

मॅडमना वाटतंय ती आधीपासूनच खंगत होती. तक्ता तसंच सांगतो. डॉक्टरीणबाईंनी बादलीचं त्यांना सांगितलेलं नाही. मला म्हणाल्या, "ते तू सांगायचंस. बुधवारी काका येतायत, शुक्रवारी समिती आहे. बघ."

समितीपुढं जाईल ते असं: सरडा इथं तगत नाही. बारा जागी सारखं 'हालचाल नाही'. त्या बारा ओळी वाचून काढल्या. अक्षर छान आलंय. एका बैठकीत लिहिलेलं अक्षर छानच येतं.

सोमवार, २४

काहीच न सांगता निघून जाता येईल. पिशवी भरायला मला अकरा मिनिटं लागतात, मोजलेली आहेत. बेकरीतही असंच झालं होतं, भट्टीचं दार मी उघडं ठेवलं होतं, आणि कुणी विचारायच्या आत मी बसमध्ये. ते कुणाच्या माथी मारलं असेल, हा विचार मला काल पहिल्यांदा आला. तिथं एक म्हातारा पीठ मळायचा.

सांगितलं तर? चौदा अंडी आहेत, ती हलवायची नसतात. नुसती कुशीवर कलंडली तरी आतलं पिल्लू मरतं. म्हणजे खोली त्यांना जाईल. म्हणजे बुवा गाडीत. मी खरं बोलायचं आणि शिक्षा बुवाला. हे कुठलं खरं बोलणं?

ताईला फोन केला. "सगळं ठीक," मी म्हणालो. ती म्हणाली, "तू 'ठीक' पटकन म्हणालास."  तिनं फोन ठेवला नाही, मीही नाही.

बुधवार, २६

काका आले. पोटावर हात धरून, हळूहळू, एक पाय टाकत, थांबत. मला डुलाबाईच आठवली आणि बघवेना.

मी दारातच सांगायला लागलो. पाठ केलं होतं, पण क्रम चुकला. आधी शिट्टीचं सांगितलं, मग धुळीचं, मग सोळाव्या पानाचं, मग तक्ता. मॅडमही आल्या होत्या, त्यांच्यासमोरच झालं सगळं.

मॅडमनी तक्त्याची वही उघडली. "कुठल्या ओळी खोट्या?"

"सरड्याच्या. आठ तारखेपासून पुढच्या. पाखरांच्या सगळ्या खऱ्या आहेत, मॅडम. शपथ. मिनिट न् मिनिट."

"ते मला आता कसं कळणार?" त्या म्हणाल्या. आणि पट्टी ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिरप्या रेघा मारत गेल्या. बुवाच्या ओळींवरही. बुवांनी कधी काय खाल्लं, कितीदा गायले, कुठल्या दिवशी पिल्लाला वरचा पलटा पहिल्यांदा जमला, सगळ्यावर. मी बघत उभा राहिलो.

काकांनी मला एकच विचारलं. "किती वेळा उचललीस?"

"मंगळवारी एकदा. बुधवारी तीनदा. गुरुवारी दोनदा."

"सहा वेळा," काका म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि टाक्यांवर हात ठेवून म्हणाले, "सहा वेळा ती उतरली?"

ते मी मोजलंच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून धाकटं पिल्लू बोललं. दोन आखूड, एक लांब. काकांनी मान वर केली. "हे काय?"

"माझं आहे," मी म्हणालो. "घरचं. जेवायला बोलवायचं."

"बेटावर असं कुणी गात नाही," काका म्हणाले. "आता याची पोरं गातील. त्यांची पोरं गातील." रागावून नाही. घड्याळात किती वाजले सांगावं तसं.

शुक्रवार, २८

समितीला वीस मिनिटं लागली. अंडी हलवता येत नाहीत, पाखरं हलवता येतात. तुलना एवढ्यावरच मिटली, रकाने कुणी बघितलेच नाहीत.

मला वाटलं होतं हाकलतील. पिशवी भरून दारात ठेवली होती. काका ती बघून म्हणाले, "ही इथं पाय अडकायला ठेवलीस का? मला वाकता येत नाही तीन महिने. फवारा कोण मारणार?"

"मी नको, काका. माझ्यावर भरवसा..."

"भरवसा कोण ठेवतोय? मी बाजूला खुर्ची टाकून बसणार आहे."

सोमवार, ३१

बुवांची गाडी सकाळी नऊला निघाली. पिंजऱ्यांना पातळ कापड लावलं, आत फळाच्या फोडी अडकवल्या. चाळलेली मातीही एका पिशवीत दिली. ड्रायव्हर म्हणाला, "यांना गाणी लावू का रस्त्यात?" काका म्हणाले, "काही लावू नकोस. त्यांना त्यांचंच लक्षात राहू दे."

मी कापडाची कड उचलून बघितलं. बुवा दांडीवर पिसं फुगवून, मान आत ओढून. घसा साफ केला नाही, काही नाही. मी शिट्टी वाजवणार होतो, ओठ जुळवलेही होते. मग कड सोडली.

गाडी फाटकाबाहेर वळताना आतून आवाज आला. बुवाचा नव्हता. दोन आखूड, एक लांब. पुन्हा. पुन्हा. रस्त्याच्या टोकापर्यंत येत होता. मी तिथंच उभा होतो. जेवायला हाक आली की मी लहानपणी कधी पहिल्या हाकेला गेलो नाही, आणि आज जावंसं वाटलं तर हाकच लांब चाललेली.

बुधवार, ९ (पुढचा महिना)

मॅडमनी नवी वही दिली. या वेळी एकच.

डब्याला झाकण काचेचं आहे. अंड्यांवर वरच्या बाजूला डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीनं बारीक ठिपका काढलाय, म्हणजे कुठलं कलंडलं तर कळेल. एक परवा काळं पडलं, ते चिमट्यानं काढलं. तेरा उरली. काका म्हणतात आठ महिने, नऊही लागतील, आणि शेवटी काहीच नाही असंही होतं.

मी विचारलं, "मग तोवर बघायचं काय?"

"ठिपके," काका म्हणाले आणि खुर्चीत डोळे मिटले.

सकाळची पंधरा मिनिटं. तेरा ठिपके मोजले, दोनदा. एकदा चौदा भरले, पण ते काचेवरचं पाणी होतं. भुसा ओला. तापमान पंचवीस. पलीकडची खोली रिकामी आहे, त्यामुळे फवाऱ्याचा आवाज फार मोठा येतो. मग तक्ता भरला:

खाल्लं: नाही. हालचाल: नाही. आवाज: नाही. रंग: पांढरा.

दुपारची ओळ रिकामी ठेवली आहे. दुपार व्हायची आहे अजून.